मुक्कामाच्या गाडीतल्या बॅटऱ्या

१७ सप्टेंबर १९५६, सोमवार

गेले दिवे! पुन्हा गेले! संध्याकाळचे सात, पानबिहारच्या वडाखाली आमच्या फिरत्या दवाखान्याची गाडी उभी, एकवीस बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत, आणि पहिला दिवा लाल पडला. मग दुसरा. मग पंखा रडत रडत थांबला. मग सगळंच गुडुप. नर्स सुमनताईंच्या एका हातात बाळाचा दंड, दुसऱ्या हातात सुई. म्हणाल्या, "अहो मंगलाबाई, आता टोचू कुठे? ह्याच्या की माझ्या?" बायका खो खो हसल्या. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

ड्रायव्हर माणिकलालनं कंदील लावला. पण कंदिलाच्या उजेडात औषधाची खूण दिसत नाही, आणि सुमनताई अंदाजानं टोचणाऱ्या नव्हेत. आठ बाळं तशीच परत गेली. त्या बायका दिवसा शेतात असतात, येणार त्या दिवेलागणीलाच. आता त्या पुन्हा येतील? मी असते तर आले नसते.

मुक्कामाचा बेत रद्द. साडेनवाला घरी. मामंजी व्हरांड्यात बसलेले. "आलीस? बरं झालं. आमटी गरम करतो." मी न जेवताच आडवी झाले.

१८ सप्टेंबर

ऑफिसात साहेबांनी, प्रभाकररावांनी बोलावलं. टेबलावर फायलींचे गठ्ठे, सुतळ्या, लाख. एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपणार, खातं भोपाळला जाणार, कोण कुठे जाणार कुणालाच माहीत नाही. जो तो आपापली खुर्ची धरून बसलाय.

म्हणाले, "मंगलाबाई, स्पष्ट सांगतो. नव्या राज्याच्या यादीत तुमची गाडी 'मुक्कामी' म्हणून दाखवायची की 'दिवसापुरती', हे मला ऑक्टोबरअखेर लिहायचंय. दिवसापुरती असेल तर त्यावर बाईमाणूस कशाला? कंपाउंडर जाऊन येईल. सलग तीन रात्री बाहेर राहून दाखवा, दिवे लावून. नाहीतर शिवणवर्ग आहेच."

शिवणवर्ग! हे गेल्यावर पाच वर्षं मी तेच केलं. काज, बटण, उलटी टीप. सकाळी अकरा ते पाच, आणि पाचाला घर. नाही होणार माझ्याकडून आता. जुलैमध्ये गाडीत पहिली रात्र झोपले होते — दीड हात रुंद बाक, डोक्याशी हुक, हुकाला माझी पिशवी, जाळीतून वारा. सुमनताई घोरत होत्या. इतकी शांत झोप मला लग्नानंतर कधी लागली नव्हती, आणि आधीचं आठवत नाही. ती मी कुणाच्या बापाला देणार नाही.

म्हणजे सगळं येऊन अडलं दोन बॅटऱ्यांवर.

१९ सप्टेंबर

फ्रीगंजला भय्यासाहेबांच्या दुकानात जाऊन भांडले. भय्यासाहेबांचे आजोबा म्हणे शिंद्यांच्या पागेवर होते, म्हणून हे अजून गादीवर बसून मोटारीचं सामान विकतात. स्वतः कशाला बोट लावत नाहीत, कारागिराला नुसती भुवई दाखवतात.

"बाईसाहेब, बॅटरी म्हणजे घोडा. तुम्ही त्याला दामटलंत, तो बसला."

मी म्हटलं, घोडा नाही, तुम्ही मला खेचर दिलंत! स्टेशनवर गाड्यांच्या डब्यांतले दिवे बघणाऱ्या फिटरला मी काल विचारून आले होते. त्यानं पाच मिनिटांत समजावलं. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी — तिच्यात पातळ पत्रे खूप, एकदम जोराचा झटका द्यायचा आणि सुटायचं. ती इंजिनापाशी ठीक. पण मागे बाकाखाली, जिच्यावर दिवे, पंखा न् भोंगा तासन्‌तास चालवायचे, ती जाड पत्र्यांची पाहिजे. हळूहळू देणारी. पातळ पत्र्यांची चार वेळा पूर्ण रिकामी केली की मेली! आमच्या भय्यासाहेबांनी मागेसुद्धा मोटारीच्याच दोन बसवल्या आणि वर सहा तासांची ग्यारंटी ठोकली.

ते कारागिराकडे बघू लागले. कारागीर छताकडे. शेवटी म्हणाले, "जाड पत्र्यांच्या इंदूरहून मागवाव्या लागतील."

"मागवा. आणि ह्या वापस घ्या."

"बाईसाहेब, आपण वकिली का नाही केलीत?"

२१ सप्टेंबर

ॲसिडनं पिवळ्या साडीला निऱ्यांत सात भोकं. काल दिसत नव्हती, आज धुतल्यावर कापड हातात आलं. चांगली साडी होती ती!

२५ सप्टेंबर

आल्या एकदाच्या. दोन, काळ्या, एकेकीला उचलायला दोन हमाल. गाडी उभी असते आमच्याच घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत — ऑफिसात जागा नाही, आणि माधव नगरात चोरीचं भय कमी. माणिकलालनं बाकाखाली बसवल्या. बाहेरून एक झडप आहे, ती उघडली की बॅटऱ्या समोर. मधे मोठी कळ: प्रवासात दोन्हीकडच्या बॅटऱ्या भरायच्या, उभं राहिलं की कळ तोडायची, म्हणजे आम्ही रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी इंजिन सुरू होतंच. फिटरनं बजावलंय: अर्ध्याच्या खाली कधी नेऊ नका, पत्रे पाण्याखाली असू द्या, वर घालायचं ते फक्त डिस्टिल्ड. नळाचं नाही, विहिरीचं नाही, गंगेचं तर नाहीच.

आणि आज एक नवलच झालं. मामंजी चष्मा लावून बाहेर आले, वाकून बघत राहिले. बत्तीस वर्षं तारखात्यात काढली त्यांनी. बॅटरी किती भरलीय ते दाखवणारी काचेची नळी हातात घेऊन विचारलं, "किती दाखवते?" म्हटलं, साडेबाराशेला भरलेली, साडेअकराशेला रिकामी. म्हणाले, "रोज पूजा झाली की पाणी मी बघत जाईन. तू नको हात घालू, साड्या जाळतेस."

हे गेल्यापासून मामंजींनी स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नाही. जेवा म्हटलं की जेवतात, बसा म्हटलं की बसतात. मी लगेच हो म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू.

२६ सप्टेंबर

सकाळी बघते तर मामंजी सोवळं सोडून निघालेत, हातात तांब्या आणि पळी! "अहो, देवाचं घेऊन कुठे?" तर म्हणाले, "हे बाद झालेलं आहे. पळीनं थेंब थेंब पडतं, सांडत नाही." बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी तांब्यात ओतलेलं. बॅटरीच्या एकेका घरात पळी बुडवून पाणी किती आहे तेही बघतात. सहाच्या सहा घरं, शांतपणे, संध्या करावी तसं. पळी-तांब्या तिथेच झडपेत ठेवून येतात.

मी खिडकीतून बघत होते. बरं वाटलं.

२८ सप्टेंबर

काल ह्यांची तिथी होती. गुरुजी लवकर गेले. मामंजी पानावर बसून एवढंच म्हणाले, "आठ दिवसांत येतो म्हणाला होता." सर्व्हेच्या दौऱ्यावर गेले, सहाव्या दिवशी तापानं फणफणले, गाव कुठलं तर नकाशात नसलेलं, सातव्या दिवशी बैलगाडीतून आणलं ते प्रेतच. पाच वर्षं झाली.

मी वाढत राहिले. 

१ ऑक्टोबर

दिवे! पाचही! घरापाशीच गाडी उभी करून सहा ते दहा लावून ठेवले. सुमनताईंनी गाडीत बसून पोह्यांचा डबा खाल्ला, मोहल्ल्यातली पोरं टोळक्यानं जमली. दहाला नळी घालून बघितली, बाराशेच्या वर! भय्यासाहेबांना निरोप धाडला की घोडा चांगला आहे.

सहा तारखेला तराण्याला निघायचं. तीन रात्री. सुमनताईंनी तिखट मिठाचे शंकरपाळे केले पण.

६ ऑक्टोबर

बेकार! सगळं बेकार!

काल संध्याकाळी नळी साडेबाराशे दाखवत होती. कळ तोडलेली, दिवे बंद, पंखा बंद, भोंगा बंद. आज निघताना बघितलं — अकराशे ऐंशी! रात्रीत कोण पिऊन गेलं? तराण्याला पोचेपर्यंत इंजिनानं थोड्या भरल्या, संध्याकाळी पन्नास मिनिटं उजेड आणि परत तेच. लाल, मंद, गुडुप. ह्यावेळी बायका हसल्यासुद्धा नाहीत. एक म्हातारी म्हणाली, "चालो, सरकार सोई गयो."

परत आलो. मामंजींनी आमटी गरम केली. म्हणाले, "जाऊ दे, उद्या बघू."

९ ऑक्टोबर

पुन्हा भरून आणल्या. भय्यासाहेब म्हणतात बॅटऱ्यांत दोष नाही. "बाईसाहेब, आमच्या आजोबांकडे साठ घोडे होते. रात्री दाणा कमी झाला तर ते घोड्याला नाही, दाणा घालणाऱ्या मोतद्दाराला फोडायचे."

आमचा मोतद्दार कोण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण माझ्या डोक्यात किडा सोडला.

माणिकलाल गाडीतच झोपतो. झडपेची एक किल्ली माझ्याकडे, एक त्याच्याकडे. मामंजी त्याचीच घेतात सकाळी. आणि परवा मी त्याला दिव्याखाली पत्ते कुटताना पाहिलं होतं, दोन बस-ड्रायव्हरांबरोबर.

११ ऑक्टोबर

विचारलं त्याला. हात जोडून म्हणाला, "बाईजी, महाकाल की सौगन, म्हने तो हात बी नी लगायो. पत्ते कंदील में खेल्या था."

कंदिलात! मी हसले. वाईट हसले.

१२ ऑक्टोबर

आज सकाळी पुन्हा खाली. न वापरता! दोन दिवसांत सत्तर अंक. मामंजी पळी हातात धरून माझ्याकडे बघत उभे. मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, तुम्ही कशाला परेशान होता. ते आत गेले.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी

गाडीची पूजा. माणिकलालनं झेंडूच्या माळा आणल्या, चाकांना, स्टेअरिंगला, नारळ फोडला. मामंजींनी झडप उघडून दोन्ही बॅटऱ्यांना हळदकुंकू वाहिलं. सुमनताई म्हणाल्या, "मागणं मागा काहीतरी, मंगलाबाई." मी मागितलं. काय ते लिहीत नाही.

संध्याकाळी प्रभाकरराव स्वतः बघायला आले. सोन्यासारखा मुहूर्त, बॅटऱ्या कालच पुन्हा भरून आणलेल्या! कळ दाबली. दिवे लागले. प्रभाकररावांनी बाकावर बसून चहा घेतला, "वा" म्हणाले. कप खाली ठेवेपर्यंत लाल झाले.

लाल! बावीस मिनिटं!

ते उठले. चपला घालून गेले. मी तिथेच बाकावर बसून कागद घेतला आणि लिहिलं — ड्रायव्हर रात्री गाडीची वीज खाजगी कामासाठी वापरतो, त्याला काढावं. सही केली. तारीख घातली. 

१६ ऑक्टोबर

माणिकलालला शाजापूरला ट्रकवर धाडलं. जाताना किल्ली माझ्या हातात न देता पायरीवर ठेवली. त्याची बायको महिन्याच्या पोराला घेऊन कोपऱ्यावर उभी होती. त्या पोराला सुमनताईंनीच देवी टोचली होती, ह्याच गाडीत.

मी बरोबर वागले. दुसरं काय करणार होते?

मामंजी जेवले नाहीत. "भूक नाही." मी म्हटलं, दसऱ्याचं श्रीखंड अजून आहे. म्हणाले, "नको." अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुपारीसुद्धा असेच होते.

१८ ऑक्टोबर

माणिकलाल नाही. किल्ली माझ्या कमरेला. कळ तोडलेली. तरीही काल भरून आणलेल्या बॅटऱ्या आज खाली!!

 मग कोण?

१९ ऑक्टोबर

हातगाडीवर टाकून दोन्ही फ्रीगंजला नेल्या. भय्यासाहेबांसमोर अक्षरशः आदळल्या. म्हटलं, आज फोडून दाखवा, नाहीतर मी इथून उठत नाही. गिऱ्हाईकं बघत होती. बघू देत!

आणि भय्यासाहेब गादीवरून उतरले. अंगरख्याच्या बाह्या सारल्या, धोतर खोचलं, स्वतः वरचं डांबर तापवून एका घराचं झाकण काढलं, पत्रे चिमट्यानं उचलून उन्हात धरले. राखाडी असायला हवेत. त्यावर तांबूस पापुद्रा.

 मग एकदम हळू आवाजात: "बाईसाहेब, यात तांबं आलं कुठून?"

"म्हणजे?"

"ॲसिडात तांबं गेलं की बॅटरी आतल्या आत स्वतःला खाते. वापरा, न वापरा, रात्रीत रिकामी. कोणी तांब्याची वस्तू बुडवत होतं का?"

मी तशीच उठले. टांगा केला.

झडपेत पळी होती. टोक पातळ, झिजलेलं, चिंचेनं घासावं तशी लख्ख. तांब्यात बोटभर पाणी, निळसर हिरवं. मी रोज त्या झडपेशी जात होते आणि वाकून एकदाही बघितलं नव्हतं!

तांब्या तसाच घेऊन घरात गेले आणि — लिहायला लाज वाटते — बारा वर्षांत पहिल्यांदा मामंजींवर ओरडले. "हे काय केलंत? माझी नोकरी गेली! त्या माणसाची रोटी गेली!" शेजारच्या उषाताई दारात आल्या एवढ्यानं.

मामंजी खुर्चीत बसून होते. म्हणाले, "आमच्या तारेच्या बॅटऱ्यांत तांबं असायचंच, मंगला. तांब्याचा पत्रा, मोरचुदाचं पाणी."

मग माझाच राग ओसरला. सत्तरीचा माणूस. जुनी विद्या, नवी वस्तू. त्यांना काय ठाऊक? आपल्याकडे शुद्ध पाणी म्हटलं की तांब्याचं भांडंच आठवतं, मलाही आठवलं असतं. मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्याला हात लावला, म्हटलं चुकलं माझं. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. 

२० ऑक्टोबर

प्रभाकररावांकडे गेले, अर्ज मागे घ्यायला. त्यांनी भिंतीकडे हात केला. लाकडी पेट्या, खिळे ठोकलेल्या, वर रंगानं 'भोपाळ'. "तुमचा कागद तिसऱ्या पेटीत. मुकादम म्हणतो आता खिळा काढायचा तर भोपाळलाच." मी म्हटलं दुसरा लिहून देते, की पहिला खोटा होता. "तुमच्याच नावावर शेरा बसेल." बसू दे.

लिहून दिला. अकरा दिवस उरले. बॅटऱ्या नाहीत, ड्रायव्हर नाही.

२१ ऑक्टोबर

भय्यासाहेबांनी निरोप पाठवला. एक तंबूसिनेमावाला दिवाळीनंतर न्यायच्या म्हणून जाड पत्र्यांच्या दोन ठेवून गेलाय. आठवडाभर वापरा, त्याला मी बघतो. "पण पाण्याला चिनीमातीचं भांडं आणि काचेची नळी. घरात असलेलं सगळं तांबं नदीपार ठेवा."

देव भलं करो त्या माणसाचं. त्यांच्या बॅटरीला खेचर म्हटलं होतं मी.

२२ ऑक्टोबर

बसनं शाजापूर. माणिकलाल ट्रकखाली झोपून काहीतरी ठोकत होता. फक्त पाय दिसत होते. पायांनाच सांगितलं सगळं — पळी, तांब्या, मामंजी. ठोकणं थांबलं. बाहेर आला नाही.

"बाईजी, लिखके दिया था?"

"हो."

"तो लिखके वापस लिया?"

दुसऱ्या अर्जाची नक्कल चाकापाशी ठेवली. एक काळा हात बाहेर आला, कागद आत गेला. त्याला वाचता येत नाही, मला माहीत आहे. तरी बराच वेळ कागद आत होता. मग मामंजींबद्दल म्हणाला, "भासाब बूढा मिनख है. उनसे गलती हुई. आप तो पढ़ी-लिखी हो."

परतीच्या बसमध्ये पदर तोंडावर घेऊन बसले.

२३ ऑक्टोबर

माणिकलाल आला! शाजापूरचा साहेब म्हणे सोडायलाच बसला होता, त्याच्याकडेही पेट्यांचीच धांदल. माझ्याशी बोलत नाही. बॅटऱ्या बसवताना दोनदा पुसून घेतल्या.

मामंजी बाहेर आले नाहीत. पाणी मी बघते आता. चिनीमातीचा चहाचा पॉट, चोचीतून पडतं छान. जुन्या साडीचा एप्रन केलाय.

२४ ऑक्टोबर, तराणा

दिवे साडेतीन तास. तीस बाळं. ती म्हातारी आली होती, दिव्याकडे बघून म्हणाली, "जाग्यो?"

२५ ऑक्टोबर, माकडोन

चार तास. पंखा बंद ठेवला, बॅटरी वाचवायला. सकाळी नळी: बाराशे दहा. इंजिन चालवून भरून घेतली.

एक बाई रात्री आठला बाळंत व्हायला आली, गाडीच्या दारात. सुमनताईंनी मला कंदील नाही, दिवा धरायला सांगितला — लांब तारेचा, हातात धरायचा. मुलगी झाली. माझा दंड अजून दुखतोय. दिवा एकदासुद्धा लाल पडला नाही.

२६ ऑक्टोबर, घोसला

तिसरी रात्र. दिवे चालू आहेत. त्याच उजेडात हे लिहितेय. माणिकलालनं आज स्वतःहून विचारलं, "बाईजी, चाय?"

२९ ऑक्टोबर

प्रभाकररावांनी 'मुक्कामी' लिहिलं. माझ्यासमोर, शाईनं. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही — गाडी चांगली म्हणून दौरा वाढला. महिन्यातले बावीस दिवस बाहेर, पार आगर, सुसनेरपर्यंत. नवीन बॅटऱ्यांची मंजुरी. पहिल्या तारखेलाच निघायचं, नव्या राज्याचा पहिला दौरा म्हणून. दिवाळी तोंडावर आली तरी.

मी हो म्हटलं. तिथल्या तिथे म्हटलं, विचार न करता. घरी येताना मात्र मनात आलं. बावीस दिवस मामंजींनी आमटी गरम करून कुणासाठी ठेवायची?

सांगितलं त्यांना. म्हणाले, "हं."

उषाताई दोन वेळचा डबा द्यायला तयार आहेत.

३१ ऑक्टोबर

बाजारातून त्यांना लोकरी बंडी आणली. त्यांनी घालून बघितली, बटणं लावली, काढून घडी घातली. दिवसभर काही बोलावंसं वाटतंय त्यांना असं दिसतं. दोनदा स्वयंपाकघराच्या दारात आले, पाणी पिऊन गेले.

१ नोव्हेंबर, आगरच्या वाटेवर

निघताना मामंजी गाडीपाशी आले, माणिकलालसमोरच बोलले. म्हणाले, "आमच्या तारघरात शेवटची बारा वर्षं ह्याच बॅटऱ्या होत्या, ॲसिडच्या. भिंतीवर पाटी होती, बॅटरीपाशी तांब्याची वस्तू आणू नये. ती पाटी मी लिहिली होती, मंगला. तोही आठ दिवसांत येतो म्हणूनच गेला होता." मग माणिकलालला हात जोडले. मग म्हणाले, "जा आता. ऊन चढेल."

मी माणिकलालला म्हटलं, चलिए. मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरले असते.